चि. मुक्तास : एका खोलीत बसून गायलेली गाणी

मिरज,
दि. १४ जून

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या हिल्टन्सहून, तिथला जुन्या डोंगरी गाण्यांचा कार्यक्रम ऐकून, नॉक्सव्हिलला परतताना तू गाडीत म्हणालीस, "आई, सगळी गाणी एकसारखीच होती गं. तेच तीन कॉर्ड, तीच आगगाडी, तीच वारलेली आई." मी तेव्हा गप्प राहिले, कारण रात्र झाली होती, रस्ता डोंगरातला होता आणि तुझे लक्ष रस्त्यावर असणे मला अधिक महत्त्वाचे वाटत होते. त्याला आता आठ महिने झाले. फोनवर हा विषय दोनदा काढला आणि दोन्ही वेळा तुझ्या कुकरच्या शिट्ट्यांत तो हरवला. तेव्हा जे सांगायचे आहे ते सविस्तर लिहूनच कळवावे असे ठरवले आहे. निवांत वेळ काढून वाच.

तुझ्या आजोबांच्या दुकानात, सतारमेकर गल्लीत, माझे बालपण गेले हे तुला ठाऊक आहे. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे माडीवर टांगलेले असत आणि खाली आजोबा घोडी घासून तानपुऱ्यांची जवारी काढत बसलेले असत. गिऱ्हाईक आले की त्याच्यासमोर पाच-सहा तानपुरे ठेवले जात. नवख्या माणसाला ते सगळे सारखेच वाटत, आणि त्यात त्याची चूक नव्हती. चार तारा, तेच स्वर, तोच आकार. आजोबा मात्र पाठमोरे बसूनही नुसत्या छेडण्यावरून कोणता तानपुरा कोणता हे सांगत. मला तो फरक ऐकू यायला कितीतरी वर्षे लागली, आणि ज्या दिवशी तो ऐकू आला त्या दिवसापासून दोन तानपुरे मला कधीच सारखे वाटले नाहीत. तू गाडीत जे बोललीस ते ऐकून मला दुकानातले ते नवखे गिऱ्हाईक आठवले. तुझ्यावर राग मुळीच आला नाही. तुला आधी तो अल्बम ऐकवायला हवा होता आणि मग हिल्टन्सला न्यायला हवे होते, एवढीच चुटपुट लागून राहिली.

तो अल्बम म्हणजे 'विल द सर्कल बी अनब्रोकन', त्याच डोंगरी गाण्यांचा, ज्यांना तिकडे कंट्री संगीत म्हणतात. तू प्रयोगशाळेत असायचीस तेव्हा दर बुधवारी दुपारी मी समोरच्या घरातल्या आजींकडे जात असे, हे तुला माहीत आहे. तिथे आम्ही काय करत होतो हे मात्र तू कधी नीट विचारले नाहीस. आम्ही हा अल्बम ऐकत होतो. तीन तबकड्या, सहा बाजू. एका बुधवारी एक बाजू. त्यांचे इंग्रजी पूर्व टेनेसीच्या डोंगरातले, माझे मिरजेच्या शाळेतले, त्यामुळे बोलणे फार होत नसे. एखादी जागा आली की त्या बोट वर करत आणि मी मान हलवत असे. सहा बुधवारांनी अल्बम संपला तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्या बाजूपासून सुरुवात केली.

हा अल्बम नॅशव्हिलमध्ये ऑगस्ट १९७१ मध्ये, शहराच्या पूर्व भागातल्या वुडलँड स्टुडिओत, सहा दिवसांत ध्वनिमुद्रित झाला आणि १९७२ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. तो ज्यांनी घडवून आणला ती मुले कंट्री संगीताच्या मुलुखातली नव्हतीच. नीटी ग्रीटी डर्ट बँड हा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे १९६६ मध्ये जमलेला तरुणांचा चमू. केस खांद्यापर्यंत, दाढ्या वाढलेल्या, रेडिओवर नुकतेच एक गाणे गाजलेले. तो काळ आठव. व्हिएतनामच्या युद्धावरून अमेरिकेत वडीलधारी पिढी आणि तरुण पिढी यांत तेढ पडली होती, आणि लांब केस पाहिले की नॅशव्हिलच्या जुन्या मंडळींच्या कपाळाला आठी पडत असे. या मुलांपैकी जॉन मॅक्यूएन कातडे मढवलेला अमेरिकन बँजो वाजवत असे आणि बँजोवादक अर्ल स्क्रग्ज हे त्याचे दैवत होते. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे स्क्रग्ज यांचा कार्यक्रम झाला तेव्हा त्याने धीर करून विचारले, आमच्याबरोबर ध्वनिमुद्रण कराल का? ते लगेच हो म्हणाले. पुढे थोड्याच दिवसांत तिथेच गिटारवादक डॉक वॉटसन यांनाही त्याने विचारले आणि त्यांचाही होकार आला. एकाच्या होकारावर दुसरा येत गेला आणि मेबेल कार्टर, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन, रॉय एकफ असे एकेक मोठे माणूस त्या खोलीत येऊन बसले. ब्लूग्रास या कंट्री संगीतातल्या शैलीचे जनक बिल मनरो यांनी मात्र नकार दिला. त्याचे मला वाईट वाटते, पण त्यांना दोष द्यावा असे वाटत नाही. आयुष्यभर जपलेली गोष्ट अनोळखी मुलांच्या हाती देताना माणूस कचरतोच.

स्क्रग्ज इतक्या सहज हो का म्हणाले याचे कारण त्यांच्या घरातच होते. त्यांचे मुलगे, गॅरी आणि रँडी, नव्या पिढीची गाणी घरी वाजवत. लेस्टर फ्लॅट यांच्याबरोबरची वीस-एकवीस वर्षांची जोडी १९६९ मध्ये फुटल्यावर स्क्रग्ज यांनी स्वतःच्या मुलांना घेऊन नवा वाद्यमेळ उभा केला होता. त्यांनी मुलांना आपल्या रांगेत उभे करून घेतले, आणि मुलांची गाणीही ते शिकले. आई म्हणून मला या माणसाविषयी फार आदर वाटतो.

आता ध्वनिमुद्रण कसे झाले ते सांगते, कारण या अल्बमची ओढ कशात आहे याचे निम्मे उत्तर त्यात आहे. त्या काळीही स्टुडिओत प्रत्येक वाद्य फितीच्या वेगळ्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, घेऊन नंतर जुळवण्याची, चुकलेला भाग पुन्हा भरण्याची सोय होती. इथे ती वापरली नाही. सगळ्यांनी एका खोलीत, एकमेकांच्या नजरेसमोर बसून वाजवायचे आणि ते थेट दोन पट्ट्यांच्या फितीवर उतरवायचे. म्हणजे नंतर कोणाचा आवाज वर नाही, कोणाचा खाली नाही. जे त्या क्षणी खोलीत घडले तेच राहणार. बरीच गाणी पहिल्याच खेपेला घेतलेली आहेत. रॉय एकफ त्या मुलांना याबद्दल सांगतात ते बोलणेही अल्बमवर तसेच ठेवले आहे. एकदा गाणे मुद्रित करायचे ठरवले की जवळ असेल ते सगळे त्यात घाला, पुन्हा घेऊ असे मनात आणू नका, कारण दर वेळी थोडे काहीतरी गळत जाते, अशा अर्थाचे ते बोलले आहेत. समोरच्या आजी इथे हटकून बोट वर करत. एकफ हे मेनर्डव्हिलचे, तुझ्या नॉक्सव्हिलपासून तासाभराच्या आतले गाव. आजींचेही माहेर त्याच भागातले. या एकफ यांना आधी त्या केसाळ मुलांविषयी शंका होती. तोवर झालेले मुद्रण त्यांना ऐकवले तेव्हा त्यांनी विचारले, याला तुम्ही काय म्हणता? मुले उत्तराला अडखळली तेव्हा, हे निव्वळ कंट्रीच आहे, असा निर्वाळा देऊन ते गायला बसले. त्यांचे वय तेव्हा सदुसष्ट होते.

गाण्यांच्या मधले बोलणे, तारा जुळवणे, कोणी सूर कोणता घ्यायचा याची विचारपूस, हसणे, हे सारे फितीवर राहू दिले आहे. आपल्या घरच्या बैठकीत गवई पेटीवाल्याला पांढरी चार सांगतो, तबलजी हातोडीने गट्टा ठोकतो, कोणीतरी खोकतो, आणि मग अचानक गाणे सुरू होते. त्या सुरू होण्याला जो अर्थ असतो तो तू लहानपणी माझ्या मांडीवर बसून अनुभवला आहेस. या अल्बममध्ये तेच आहे. ऐकणारा दाराबाहेर उभा राहत नाही, त्याला आत सतरंजीवर जागा दिली जाते. त्या वर्षी रेडिओवर वाजणाऱ्या कंट्री गाण्यांमागे बहुधा व्हायोलिनांचा ताफा आणि कोरसचा मुलामा असे. त्या मुलाम्याखालचे मूळ लाकूड काय आवाज करते हे या तबकड्यांनी हजारो तरुण घरांत पोचवले, आणि माझ्या मते लोकांना तो भावला तो याच कारणाने. पुढे १९८९ मध्ये दुसरा आणि २००२ मध्ये तिसरा भाग निघाला. तेही चांगले आहेत, पण माझे मन पहिल्यातच रमते.

सगळ्यात अधिक मला जवळची वाटते ती डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस यांच्या भेटीची जागा. डॉक हे नॉर्थ कॅरोलायनातल्या डीप गॅपचे. पहिला वाढदिवस होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. वडिलांनी त्यांना वयाच्या अकराव्या वर्षी स्वतःच्या हाताने बँजो करून दिला आणि त्यावर मढवायला घरातल्या मेलेल्या मांजराचे कातडे वापरले. त्याच वडिलांनी पुढे आंधळ्या मुलाला दोघांनी ओढायच्या करवतीच्या एका टोकाला उभे केले, म्हणजे आपण कामाचे आहोत हे त्याचे त्याला कळावे. मर्ल ट्रॅव्हिस हे केंटकीतल्या कोळसा खाणींच्या मुहलेनबर्ग परगण्यातले. डॉक तरुणपणी रेडिओवर आणि तबकड्यांवर ट्रॅव्हिस यांची गिटार ऐकत आणि बोटांनी चाचपडत शिकत. १९४९ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याच्या नावात त्यांनी मर्ल हे नाव घातले. पण दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती. ती या खोलीत, १९७१ मध्ये झाली, आणि तेव्हा फीत चालू होती. डॉक संकोचत सांगतात की मुलाचे नाव तुमच्यावरून ठेवले आहे, आणि समोरचा माणूस ते ऐकून किती विनयाने बोलतो ते ऐक. मला पहिल्या वेळी त्यातले अर्धेच शब्द कळले होते, तरी माझे डोळे भरून आले. ज्याला आपण गुरू मानले आणि ज्याला याची वार्ताही नव्हती अशा माणसासमोर बसण्याचा योग आपल्याकडेही कितीजणांना आला असेल! त्या मर्ल वॉटसनने पुढे वडिलांबरोबर गावोगाव गिटार वाजवली आणि १९८५ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात तो गेला. त्याच्या नावाने १९८८ पासून विल्क्सबरो इथे दरवर्षी मोठा संगीत मेळा भरतो. हे सारे कळल्यावर ते साधे संभाषण पुन्हा ऐकणे अवघड जाते, पण मी ऐकते.

तर तुझे तीन कॉर्ड. तू म्हणालीस ते खरे आहे. बहुतेक गाण्यांना तीनच आहेत, काहींना दोन. परंतु कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, मोजणे हे तानपुऱ्याच्या तारा मोजण्यासारखे आहे. हात ऐक. मेबेल कार्टर गिटारच्या जाड तारांवर अंगठ्याने चाल वाजवतात आणि त्याच वेळी तर्जनी पातळ तारांवर वरखाली घासून ठेका धरतात. सतारिया बाजाच्या तारेवर गत वाजवता वाजवता मधूनच चिकारी छेडतो, तसे काहीसे. एकटीची गिटार दोघांची वाटते. मर्ल ट्रॅव्हिस याच्या बरोबर उलट करतात. त्यांचा अंगठा जाड तारांवर आळीपाळीने ठेका सांभाळतो आणि चाल तर्जनी वरच्या तारांवर काढते. डॉक वॉटसन तिसरेच काही करतात. तरुणपणी ते ज्या नाचाच्या वाद्यमेळात होते त्यात फिडल, म्हणजे तिकडचे व्हायोलिन, वाजवणारा नव्हता, म्हणून फिडलच्या धावत्या चाली त्यांनी एका नखीने गिटारवर बसवल्या, आणि त्या गरजेतून एक संपूर्ण वादनशैली उभी राहिली. स्क्रग्ज यांच्या बँजोत अंगठा, तर्जनी आणि मध्यमा अशी तीन बोटे अखंड फिरत असतात. चाल त्या फिरण्यात लपलेली असते आणि बँजोची आखूड पाचवी तार मध्येमध्ये तोच एक उंच स्वर देत राहते, आपल्या षड्जासारखा. आता सांग, एकसारखे काय राहिले? कॉर्ड तीनच असल्यामुळे कान कॉर्डमागे धावत नाही, हाताकडे वळतो, आणि गावातल्या कोणालाही कोणत्याही कडव्यात सामील होता येते. हिल्टन्सला पुढे नाचणारी ती म्हातारी माणसे, तळाला पत्रे ठोकलेल्या बुटांनी टप्प्याला टप्पा देणारी, त्यांतल्या प्रत्येकाला पुढची ओळ आधीपासून माहीत होती हे तूही पाहिलेस.

मेबेल यांच्याविषयी आणखी थोडे लिहिते, कारण आपण ज्या गावी गेलो होतो ते त्यांच्याच घराण्याचे. १ ऑगस्ट १९२७ रोजी टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टलमधल्या एका टोपी-कंपनीच्या इमारतीत, व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअर यांनी मांडलेल्या तात्पुरत्या यंत्रासमोर, ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि सारा यांची नात्यातली बहीण मेबेल हे तिघे पहिल्यांदा गायले. मेबेल तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि गरोदर होत्या. उसनी मोटार घेऊन, वाटेत चाके पंक्चर होत, डोंगरातल्या वाटेने ही मंडळी तिथे पोचली. एका गाण्याला पन्नास डॉलर मिळाले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून लांब गाणी कापून आवश्यक तेवढीच कडवी ठेवावी लागली. आपल्या मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब त्याच तेवढ्याशा मिनिटांत राग कसा उभा करत हे तू आजोबांकडच्या तबकड्यांवर ऐकले आहेस. दोन खंडांत एकाच यंत्राने कलावंतांना नेमकेपणा शिकवला असे मला वाटते. त्या ब्रिस्टलच्या मुलीने चव्वेचाळीस वर्षांनी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, या लांब केसांच्या मुलांमध्ये बसून पुन्हा गायले. आवाज थोडा खाली आला आहे, कडा झिजल्या आहेत, पण शब्द टाकण्याची रीत तीच आहे. कुठेही जोर नाही, ओवी म्हणणाऱ्या बाईसारखे सरळ सांगणे.

आता एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही, कारण माझे प्रेम आंधळे आहे असे तू समजावेस हे मला नको आहे. ब्रिस्टलच्या संग्रहालयात मी बँजोचा इतिहास वाचत उभी होते तेव्हा तू मला पुढे चलण्याची घाई करत होतीस. बँजोचे मूळ आफ्रिकेत आहे. गुलाम करून आणलेल्या माणसांनी अमेरिकेच्या भूमीवर भोपळ्याला कातडे मढवून, लाकडी दांडी बसवून, तो नव्याने केला. भोपळा, मुक्ता! पंढरपूरचा भोपळा आमच्या माडीवरून तानपुरा होऊन उतरत असे, आणि तिकडे तसाच भोपळा बँजो झाला होता. मी तिथून हलत नव्हते ती यामुळे. ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला डोंगरातून हिंडत तेव्हा लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्यासोबत असत. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात रिडल यांनी एक पाय गमावला होता. कार्टर शब्द उतरवून घेत आणि चाल रिडल यांच्या स्मरणात राही. मेबेल यांनीही त्यांच्या वादनातून बरेच घेतले. ट्रॅव्हिस यांची अंगठ्याची शैली ज्या परगण्यातून आली तिथेही तिच्या मुळाशी आर्नल्ड शुल्ट्झ हे कृष्णवर्णीय वादक आहेत. गाण्यांवर नाव मात्र कार्टरांचे लागले. आणि १९७१ च्या त्या खोलीत, जिथे रिंगण अभंग राहण्याचे गाणे गायले गेले, तिथे या माणसांपैकी कोणी नव्हते. रिडल तेव्हा हयात होते. अल्बम ऐकताना मला हे दर वेळी आठवते, आणि ते आठवावेच असे वाटते. त्याने गाण्यांवरचे प्रेम कमी होत नाही. बँजोची पहिली फेरी सुरू झाली की भोपळ्याचा तो पोकळ आवाज मला त्यात ऐकू येतो, एवढेच.

रिंगण हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. समोरच्या आजींनी अल्बमच्या नावाचा अर्थ हाताने हवेत वर्तुळ काढून सांगितला, तेव्हा मला वारीतले रिंगणच आठवले, आणि मी मनात त्याचे मराठी केले, 'हे रिंगण अभंग राहील ना?' मूळ प्रार्थनागीत १९०७ चे, शब्द एडा हॅबरशन यांचे आणि चाल चार्ल्स गेब्रिएल यांची. त्यात स्वर्गात पुन्हा भेटण्याची आस आहे. ए. पी. कार्टर यांनी ध्रुवपद थोडे बदलून ठेवले आणि कडवी नवी घातली, आणि १९३५ मध्ये कार्टर कुटुंबाने ते गायले. नव्या कडव्यांत स्वर्गाचे वर्णन नाही. थंड, ढगाळ दिवस आहे, खिडकीशी कोणी उभे आहे, आणि आईला न्यायला गाडी येताना त्याला दिसते. तो गाडीवानाला विनवतो की, बाबा रे, गाडी हळू हाक, तू जिला नेतो आहेस ती सोडवत नाही.

तू याला रडगाणे म्हणालीस. तुझी आजी गेली तेव्हा तुझी परीक्षा होती आणि तुला येता आले नाही. तू फोनवर रडलीस आणि मी तुला धीर दिला. त्या दिवसाची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. गल्लीच्या तोंडाशी शववाहिका वळली तेव्हा मी दारात उभी होते, आणि चालकाला हात करून 'थोडे हळू' असे सांगावेसे मला वाटले. का वाटले ते कळले नाही. तिला आता कसली घाई, कसला धक्का? लोक काय म्हणतील म्हणून मी बोलले नाही. नॉक्सव्हिलमध्ये त्या परक्या आजींच्या खोलीत ते कडवे आले आणि आजींनी मला त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा मला कळले की मिरजेच्या दारात मी जे बोलू शकले नाही ते व्हर्जिनियाच्या डोंगरात कोणी तरी फार पूर्वीच बोलून ठेवले होते. ही गाणी मरणाविषयी, आगगाडीविषयी, घर सोडण्याविषयी आहेत कारण ज्या लोकांची ती आहेत त्यांची मुले कोळशाच्या खाणीत आणि दूरच्या कापडगिरण्यांत जात होती आणि सगळी परत येत नव्हती. त्या गाण्यात गायक आवाज चढवत नाहीत, गळा दाटू देत नाहीत. ध्रुवपद आले की मात्र खोलीतले सगळे एकदम उचलून धरतात, म्हातारे, पोरे, गाता येणारे आणि बेताचेच गाणारे, आणि त्या गर्दीतून व्हॅसर क्लेमेंट्स यांचे फिडल वर येते. तळाशी ज्युनियर हस्की यांचा मोठा बास चालत असतो. ते हस्की त्या मुद्रणानंतर थोड्याच काळात वारले. अल्बम बाजारात आलेला त्यांनी पाहिला नाही.

मला वाटले होते की एवढ्या मोठ्या समूहगानावर अल्बम संपेल. तसा तो संपत नाही. सगळे थांबल्यावर स्क्रग्ज यांचा मधला मुलगा रँडी, वय वर्षे अठरा, एकटा एका गिटारवर गायिका जोनी मिचेल यांचे त्या काळातले नवे गाणे वाजवतो. शब्द नाहीत, साथ नाही. जुन्या डोंगरी गाण्यांच्या सहा बाजू ऐकवल्यावर शेवटचा शब्द त्यांनी एका मुलाला आणि एका नव्या गाण्याला दिला, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी आजींना तबकडी पुन्हा लावायला सांगितली. तुझ्या आजोबांनी शेवटच्या आजारात आपल्या जवारीच्या कानशी माझ्या मामेभावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला दिल्या, तेव्हा गल्लीतल्या जाणत्यांनी नाके मुरडली होती. आज त्याच्याकडचे तानपुरे पुण्या-मुंबईला जातात.

आता माझे मागणे. अल्बम तुझ्या फोनवर आहेच, मी निघण्यापूर्वी तुझ्याकडूनच उतरवून घेतला होता. तो गाडीत, कामात, पाठीमागे वाजत ठेवू नकोस. एका संध्याकाळी एक बाजू, एवढेच. गाणी सोडून पुढे जाऊ नकोस आणि मधले बोलणे तर मुळीच सोडू नकोस. पहिल्या दोन बाजू झाल्यावर समोरच्या आजींकडे एकदा जाऊन बस. बुधवारी दुपारी त्या घरीच असतात, आणि मी आल्यापासून त्यांच्या त्या दुपारी रिकाम्याच जात असतील. त्यांना आवडतात म्हणून मागच्या पार्सलात शेंगदाण्याच्या चिक्कीचे दोन डबे घातले होते, त्यांतला एक त्यांचा आहे. तू दोन्ही संपवले नसशील अशी आशा करते.

डॉक आणि ट्रॅव्हिस भेटतात ती जागा ऐकून झाली की मला फोन कर. तुझे संध्याकाळचे सात म्हणजे सध्या इथले पहाटेचे साडेचार होतात, त्याचा विचार करू नकोस. त्या वेळी मी उठून तानपुरा जुळवत असते.

तुझी,
आई